पुढच्या दारच्या लहान वाफ्यासाठी ठेंगणी पिओनी: निवड, लावण आणि नंतरची थोडी कामे

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मध्य न्यू जर्सीत तुम्ही नवे घर घेतले आहे, पुढच्या दाराशी सव्वा मीटर रुंद आणि साधारण तीन मीटर लांब वाफा आहे, घरात दोघेही नोकरी करणारे आहात, आणि गेल्या वर्षी मोठ्या दुकानातून कुंडीत आणून लावलेली ‘सारा बर्नहार्ट’ पिओनी (थंड हवेत वाढणाऱ्या, मोठ्या फुलांच्या बारमाही झाडाची एक जात) यंदा जेमतेम तीन फुले देऊन पहिल्याच पावसात मातीत लोळली. म्हणून आता तुम्हाला उंचीने बेताची, काठीचा आधार न मागणारी आणि फारशी देखभाल न लागणारी जात हवी आहे. तशी जात कुंडीत चालेल का, आणि तिचा एखादा तुकडा पुण्याला आईंकडे नेता येईल का, हेही तुम्ही विचारले आहे.

मी याच भागात बारमाही रोपांच्या नर्सरीत अनेक वर्षे काम केले आणि आता लोकांच्या बागा लावून देते, त्यामुळे हा प्रश्न दर जून महिन्यात कोणत्या ना कोणत्या रूपात माझ्यापुढे येतोच. तुमची खरी अडचण झाडाच्या उंचीची नाही. झाड लोळते ते फुलाच्या वजनामुळे, आणि देखभाल वाढते ती बहुतेक वेळा लावणीच्या दिवशी झालेल्या दोन-तीन निर्णयांमुळे. उंचीला बुटकी पण पाकळ्यांनी गच्च भरलेली जात घेतली, तर तीही लोळेल. उलट पाऊण मीटर उंचीची, एकेरी पाकळ्यांची जात वळिवाच्या सरीनंतरही ताठ उभी असलेली मी दरवर्षी पाहते. तेव्हा निवड करताना आधी फुलाचा घाट पाहावा आणि मग उंचीकडे वळावे.

‘सारा बर्नहार्ट’ ही १९०६ मध्ये फ्रान्समधील लेमोआन यांनी काढलेली जात आहे आणि फूलबाजारात तिचे स्थान आजही कायम आहे, कारण ती मुळात कापून फुलदाणीत ठेवण्यासाठीच उत्तम आहे. तिच्या फुलातील पुंकेसरांच्या पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे फूल आतपर्यंत भरलेले असते. पाऊस पडून गेल्यावर असे एक फूल हातात धरून हळूच उलटे करून पाहा. पाकळ्यांच्या थरांमध्ये साठलेले पाणी धार लागल्यासारखे खाली येते. एवढे ओझे नव्वद सेंटिमीटर उंचीच्या बारीक दांड्याच्या टोकावर असेल, तर तो दांडा वाकणारच. त्यात तुमचे काही चुकलेले नाही. एकेरी फुलात पाकळ्यांचा एक-दोन ओळींचाच वाटोळा पसारा आणि मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा झुबका असतो. जपानी घाटाच्या फुलात त्या पुंकेसरांच्या जागी अरुंद, चपट्या पट्ट्या असतात. या दोन्ही प्रकारांत पाणी साठायला जागाच नसते, आणि म्हणून आधारही लागत नाही.

आता जातींबद्दल. तुमच्या वाफ्याची रुंदी पाहता मी तीन वाटा सुचवीन.

पहिली वाट म्हणजे बारीक पानांची पिओनी, शास्त्रीय नाव पिओनिया टेन्युइफोलिया. ही मूळची काळ्या समुद्राभोवतीच्या आणि कॉकेशसकडच्या गवताळ प्रदेशातील. तिची उंची तीस ते पन्नास सेंटिमीटर असते, पाने शेपूच्या भाजीसारखी बारीक चिरलेली असतात, आणि पानांच्या त्या हिरव्या गादीवर बसलेली गडद लाल फुले इतर पिओनींच्या बरीच आधी, आपल्याकडे मेच्या सुरुवातीला, उमलतात. माझ्या मते लहान वाफ्यासाठी याहून देखणी पिओनी नाही. मात्र तिचा एक स्वभाव आधीच माहीत असावा. जुलै-ऑगस्टपर्यंत तिची पाने पिवळी पडून झाड जमिनीखाली झोपी जाते. नवे लोक ते मेले असे समजून रोज पाणी घालू लागतात आणि निजलेला गड्डा त्या ओलीने कुजवतात. शिवाय उन्हाळ्याच्या उत्तरार्धात दारासमोर तेवढी जागा मोकळी दिसते, ती झाकायला शेजारी उशिरा वाढणारे काहीतरी लावावे लागते. हे चालणार नसेल, तर तिचा संकर असलेली ‘अर्ली स्काउट’ पाहावी. १९५२ साली ऑटेन यांनी नोंदवलेली ही जात अर्धा मीटरच्या आसपास राहते, तिची फुले एकेरी आणि गडद लाल असतात आणि पानांत टेन्युइफोलियाचा बारीकपणा थोडा उतरलेला असतो.

दुसरी वाट म्हणजे डच उत्पादकांनी मुद्दाम कुंडीसाठी निवडलेल्या ठेंगण्या पिओनी. त्यांना युरोपातील राजधान्यांची नावे आहेत: रोम, लंडन, माद्रिद, ऑस्लो, मॉस्को वगैरे. उंची पंचेचाळीस ते साठ सेंटिमीटर असते, दांडे आखूड व जाड असतात आणि पाने शरद ऋतूपर्यंत टिकतात. दुकानात वेष्टनावरच्या चित्राकडे पाहून घेऊ नका. त्या जातीचे फूल एकेरी आहे की भरीव हे विचारून घ्या, कारण या मालिकेतही दोन्ही प्रकार आहेत. दारासमोरच्या वाफ्यात उन्हाळाभर हिरवा, नीटस झुडपाचा आकार हवा असेल, तर तुमच्यासाठी मी हीच निवड करीन.

तिसरी वाट इतो पिओनीची, आणि तिच्याबद्दल तुम्हाला सर्वांत जास्त ऐकायला मिळेल. जपानचे तोइची इतो यांनी १९४८ मध्ये झुडुपवर्गीय (लाकडी खोडाच्या) पिओनीचा पराग वापरून साध्या (हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळणाऱ्या) पिओनीशी संकर यशस्वी केला, पण १९५६ मध्ये ते वारले आणि स्वतःच्या संकराचे फूल त्यांना पाहता आले नाही. पुढे अमेरिकेतील लुई स्मर्नो यांनी ती रोपे मिळवून १९७४ मध्ये त्यांतील काही नोंदवली. पिवळ्या रंगाची ‘बार्टझेला’ ही त्याच परंपरेतील जात. तिला अमेरिकन पिओनी सोसायटीचे २००६ चे सुवर्णपदक मिळाले. इतो पिओनी आधाराशिवाय उभ्या राहतात, पानांवरच्या रोगांना सहज बळी पडत नाहीत आणि एका झाडाला तीन आठवड्यांपर्यंत टप्प्याटप्प्याने फुले येत राहतात. देखभालीच्या कसोटीवर त्यांचा पहिला नंबर लागेल. पण त्यांना ठेंगणी म्हणणे चूक आहे. उंची पाऊण-एक मीटर असली तरी पसारा एक मीटरहून अधिक होतो, आणि सव्वा मीटर रुंदीच्या वाफ्यात ते झाड पाच वर्षांत पायवाटेवर येईल. घराच्या मागे मोकळी जागा असेल, तर मात्र जरूर लावा. किंमत जास्त असते, पण झाड कित्येक दशके जगते.

जात ठरली तरी फुले येणे न येणे पुष्कळसे जागेवर अवलंबून आहे, आणि तुमची जागा मी पाहिलेली नाही. म्हणून काही गोष्टी तुम्हालाच तपासाव्या लागतील. मे महिन्यातल्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी वाफ्यावर ऊन किती तास पडते ते पाहा. सहा तासांहून कमी असेल, तर झाड जगेल पण फुले तुरळक येतील. घर उत्तराभिमुख असेल, तर पुढच्या दाराचा हट्ट सोडलेला बरा. छपराचे पाणी उतरवणारा नळ वाफ्याच्या तोंडाशी येतो का, तेही पाहा, कारण पिओनीला हिवाळ्यातील थंडी हवी असते, पण हिवाळ्यातील साचलेले पाणी तिला मारते. मध्य जर्सीच्या बऱ्याच भागात लालसर, चिकट माती आहे आणि नव्या घरांभोवती बांधकामाच्या यंत्रांनी ती दाबून टणक केलेली असते. तिथे नुसता खड्डा खणून त्यात चांगली माती भरली, तर तो खड्डा पाणी साठवणारे भांडे होतो. त्याऐवजी सबंध वाफा फावड्याने एक फूट खोल सैल करावा, चांगले कुजलेले कंपोस्ट मिसळावे आणि वाफा भोवतालच्या जमिनीपेक्षा हातभर नाही, पण वीतभर उंच करावा. मातीचा सामू (पीएच) साडेसहा ते सातच्या दरम्यान असलेला चांगला. इथली माती बहुधा आम्लधर्मी असते, त्यामुळे अंदाजाने चुना टाकण्यापेक्षा रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मातीचा नमुना पाठवून मग ठरवावे.

आता लावणीकडे येते, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण ‘पाने भरपूर, फूल एकही नाही’ अशा ज्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्यांत मुळे उकरून पाहिल्यावर बहुतेक वेळा एकच कारण सापडते: गड्डा फार खोल लावलेला असतो. मे महिन्यात फुललेले कुंडीतले रोप घेण्याऐवजी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये विक्रीला येणारा उघड्या मुळांचा गड्डा घ्यावा. त्यावर तीन ते पाच डोळे, म्हणजे पुढच्या कोंबांच्या कळ्या, असाव्यात. हे डोळे लालसर-गुलाबी, टोकदार आणि बोटाच्या पेरापेक्षा लहान असतात. खालची मुळे जाड, तपकिरी आणि दाबून कडक लागायला हवीत. मऊ लागणारा किंवा आंबूस वास येणारा भाग स्वच्छ चाकूने कापून टाकावा. खड्ड्यात मध्यभागी मातीचा लहान उंचवटा करून त्यावर गड्डा बसवावा, मुळे चहूबाजूंना उतरती सोडावीत आणि डोळे वर येतील असे पाहावे. मग खड्ड्यावर आडवी काठी ठेवून काठीच्या खालच्या कडेपासून सर्वांत वरच्या डोळ्यापर्यंतचे अंतर मोजावे. आपल्या भागात ते तीन ते चार सेंटिमीटर असावे, आणि पाच सेंटिमीटरच्या पुढे कधीही जाऊ नये. पाणी घातल्यावर सैल माती बसते आणि तिच्याबरोबर गड्डाही खाली जातो, म्हणून अर्धा खड्डा भरल्यावर एकदा पाणी द्यावे, माती बसू द्यावी आणि पुन्हा मोजावे. हे दुसरे मोजणे लोक हमखास टाळतात.

खोलीबद्दल वाचताना एक घोळ होतो तोही सांगून ठेवते. झुडुपवर्गीय पिओनीचे कलम केलेले रोप मुद्दाम खोल लावतात, जेणेकरून कलमाच्या वरच्या भागाला स्वतःची मुळे फुटावीत. तो सल्ला साध्या पिओनीला लावला की फुले बंद. तेव्हा सल्ला कोणत्या प्रकाराविषयी आहे, हे आधी पाहावे.

दोन झाडांमध्ये ठेंगण्या जातींसाठी साठ ते सत्तर सेंटिमीटर अंतर ठेवा. तुमच्या वाफ्यात भिंतीपासून अर्धा मीटर सोडून तीन, फार तर चार झाडे बसतील. पहिल्या वर्षी ती इतकी विरळ दिसतात की मध्ये काहीतरी कोंबण्याचा मोह होतो. तिथे हंगामी फुले लावावीत, दुसरे बारमाही झाड नको, कारण मुळांची ओढाताण पिओनीला सोसत नाही. पहिल्या वसंतात फूल आले नाही तर काळजी करू नये. साधारण तिसऱ्या वर्षी झाड आपल्या रूपात येते, आणि तोवर फुले कापून घरात नेण्याचा मोहही आवरावा, कारण फुलाबरोबर जाणारी पाने म्हणजे पुढच्या वर्षाच्या कळ्यांची शिदोरी असते.

यानंतरची वर्षभराची कामे खरोखर थोडी आहेत. एप्रिलमध्ये तांबूस कोंब चार बोटे वर आले की कमी नत्राचे खत मूठभर, गड्ड्यापासून वीतभर दूर, गोलाकार टाकावे. पाऊस नसेल त्या आठवड्यात एकदा भरपूर पाणी द्यावे. दुसऱ्या वर्षानंतर दुष्काळ सोडला तर तेही लागत नाही. फुले वाळली की बोंडे धरण्याआधी दांड्याच्या पहिल्या पानापर्यंत खुडावीत. ऑक्टोबरच्या शेवटी किंवा पहिल्या कडक गारठ्यानंतर पाने काळवंडली की सगळे दांडे जमिनीलगत कापावेत आणि ते कंपोस्टमध्ये न टाकता पिशवीत भरून कचऱ्यात द्यावेत. हे शेवटचे काम टाळू नका. कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच काळ्या पडून सुकतात आणि कोंबाच्या बुडाशी राखाडी लव दिसते, तो करपा बुरशीचा असतो, आणि ती बुरशी जुन्या दांड्यांतच हिवाळा काढते. जुलै-ऑगस्टमध्ये पानांवर पांढरी भुरी दिसेल; ती दिसायला वाईट असली तरी तोवर झाडाचे वर्षाचे काम बहुतांश उरकलेले असते, त्यामुळे मी त्यासाठी औषध फवारत नाही. कळ्यांवर मुंग्या येतील. कळीच्या बाहेरच्या दलांवर गोड रस पाझरतो, त्यासाठी त्या येतात. त्यांच्यावाचून कळी उमलत नाही हा समज खोटा आहे आणि त्या झाडाला अपायही करत नाहीत. हरणांचा उपद्रव तुमच्याकडे असेलच. पिओनी त्यांना आवडत नाही, हा या झाडाचा आपल्या भागातला मोठा गुण आहे.

मात्र तुम्ही दोघेही नोकरी करता म्हणजे अंगण बहुधा बाहेरच्या माणसांकडून होत असणार, आणि ‘देखभाल नको’ म्हणणाऱ्या घरांत पिओनी बिघडते ती नेमकी त्यातून. दर वसंतात येणारी मंडळी वाफ्यावर लाकडाच्या भुशाचा जाड थर पसरून जातात. दरवर्षी त्यात तीन-चार बोटांची भर पडली की, तुम्ही मोजून लावलेला गड्डा पाच वर्षांत न हलवताही खोल गेलेला असतो. त्यांना स्पष्ट सांगा की झाडाच्या बुडाभोवती वीतभर जागा उघडी ठेवायची. हिरवळीला टाकले जाणारे नत्राचे खत वाफ्यात उडू देऊ नये, कारण त्याने दांडे लांब आणि लुसलुशीत होतात आणि ठेंगणी जातही झुकू लागते. हिरवळीवरचे पाण्याचे फवारे पहाटे पिओनीच्या पानांवर पडत असतील, तर त्यांची दिशा बदलून घ्या. ओली राहिलेली पाने म्हणजे बुरशीला आमंत्रण. या तीन सूचना एकदा कागदावर लिहून त्या माणसांच्या हातात दिल्या, तर पुढे फारसे काही करावे लागत नाही.

कुंडीचे उत्तर होकारार्थी आहे, पण ते फक्त दुसऱ्या वाटेतल्या ठेंगण्या जातींसाठी. कुंडी किमान चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर खोल व तितकीच रुंद आणि बुडाला मोकळी भोके असलेली असावी. जमिनीतल्या मुळांना भोवतालच्या मातीचे पांघरूण असते, ते कुंडीत नसते. जानेवारीत माती गोठणे, वितळणे, पुन्हा गोठणे या चक्रात मुळे फुटतात. म्हणून नोव्हेंबरच्या अखेरीस कुंडी गरम न केलेल्या गॅरेजमध्ये भिंतीशी ठेवावी आणि महिन्यातून एखादे वेळी थोडे पाणी द्यावे. घरात उबेला मात्र आणू नये, कारण थंडी मिळाली नाही तर पुढच्या वर्षी फुले येत नाहीत. कुंडीतल्या झाडाला पाणीही उन्हाळ्यात दिवसाआड लागते. कमी देखभाल हीच मुख्य अट असेल, तर वाफाच बरा.

पुण्याचा प्रश्न याच थंडीशी जोडलेला आहे. पिओनीच्या डोळ्यांना फुलण्यासाठी जातीनुसार कमी-अधिक, पण शून्य ते पाच अंशांच्या आसपासची थंडी कित्येक आठवडे सलग लागते. पुण्यात जानेवारीच्या एखाद्या पहाटे पारा आठ-दहावर येतो आणि दुपारी तो तिशीला टेकतो. महाबळेश्वरही त्या हिशेबात बसत नाही. भारतात पिओनी आहे ती हिमालयात. काश्मीरपासून उत्तराखंडापर्यंतच्या जंगलांत पांढऱ्या फुलांची पिओनिया इमोडी रानात उगवते आणि तिची मुळी युनानी औषधांत ‘ऊद सलीब’ या नावाने विकली जाते. शिवाय मुळे किंवा रोपे सामानात घालून नेणे कायद्यातही बसत नाही; २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. आईंना फुले दाखवायची असतील, तर त्यांचे इकडे येणे मेच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत होईल असे पाहा. जमल्यास ॲन आर्बरमधील मिशिगन विद्यापीठाच्या निकोल्स आर्बोरेटमची पिओनी बागही त्यांना दाखवा. १९२७ पासून लोकांसाठी खुली असलेल्या त्या बागेत जुन्या जातींचे वाफेच्या वाफे एकाच वेळी फुललेले असतात, आणि तिथला बहर आपल्यापेक्षा थोडा उशिरा येतो.

राहिली तुमची सध्याची ‘सारा बर्नहार्ट’. ती काढून टाकू नका. आत्ता लगेच तिला हलवू नका, उन्हाळाभर तशीच पाने धरू द्या. सप्टेंबरच्या मध्यावर दांडे कापून, मुळांभोवती फूटभर अंतर सोडून खणा आणि गड्डा अख्खा उचलून घराच्या मागे उन्हात लावा. इतक्या लहान वयात त्याचे तुकडे करू नयेत. पुढच्या एप्रिलमध्ये कोंब वीतभर झाले की त्यावर तारेचे गोल कडे बसवा. झाड लोळल्यावर बसवलेल्या कड्याचा उपयोग नसतो. किंवा मी गिऱ्हाइकांच्या बागेत करते तसे करून पाहा: प्रत्येक दांड्यावरची मधली मोठी कळी हरभऱ्याएवढी असतानाच खुडायची आणि बाजूच्या लहान कळ्या ठेवायच्या. फुले लहान येतात, थोडी उशिरा येतात, पण दांडा ती पेलतो. आणि झाड जोमाने वाढू लागले की फुलदाणीसाठी फुले त्याच्यावरूनच घ्या. कळी बोटांनी दाबल्यावर मऊ लागू लागली की सकाळी कापा, मुंग्या झटकून टाका आणि घरात पाण्यात उमलू द्या. दारासमोरच्या ठेंगण्या झाडांना मग कात्री लावावी लागणार नाही.